ताकात भिजलेली पुस्तकं

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भडक्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात मी दुकानातल्या टेबलावर कोपर टेकून बसलोय आणि कोपराला पुस्तकं चिकटवायची खळ लागलीय. तेव्हा पत्र संपलं तरी मला उठता येईल की नाही, शंकाच आहे.)

वाचनालयातल्या तिनं आमच्या दुकानाच्या फळीवर डबा ठेवला आणि झाकण उघडलं, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. खरं तर हे वाक्य तुझ्या तब्येतीची चौकशी झाल्यावर यायला हवं होतं. पण ते आठवडाभर माझ्या तोंडात घोळतंय, बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्या वाक्याला जागाच देईना. आता पडलं, बरं वाटलं. तर चौकशी. गुडघा कसा आहे? डावा की उजवा हे माझ्या कधी लक्षात राहत नाही. बस चालवणाऱ्याचा क्लचचा गुडघा आधी जातो असं बाबा म्हणतात, म्हणजे डावाच असणार. झोप लागते का? गोळ्या वेळेवर घेतेस, की अजून शेजारणीनं आठवण केल्यावर तिच्यावर डाफरून मग घेतेस? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आई ठीक आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण त्यांचीही प्रकृती उत्तम असणार. अशक्त माणसाला इतका दणदणीत अबोला धरणं जमणार नाही.

‘ती’ कोण, हे आईनं तुला फोनवर सांगितलंच असेल. पण आईचं वर्णन ‘ती गं, बारीकशी, सायकलवाली’ इथं सुरू होतं आणि तिथंच संपतं, म्हणून मी सांगतो. ती वाचनालयात काम करते. फाटलेली, कणा मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं पिशवीत भरून सायकलवरून आमच्याकडे बांधणीला आणते आणि बांधून झालेली घेऊन जाते. पुस्तकं आजारी असल्यासारखी फळीवर हळूच ठेवते. हल्ली दुकानात मी असतो. (कॉलेज मी सोडलेलं नाही, हे तू तरी समजून घे. मी प्रयोगशाळेतून बाहेर पडलो आणि दार माझ्यामागे जरा जोरात लागलं. त्या दाराला काच होती आणि काचेपलीकडे विभागप्रमुख होते. त्यानंतर मी परत आत जाणं दोन्ही बाजूंना अवघड झालं, इतकंच.) तर मी पुठ्ठे कापत होतो, तिच्या सायकलचं चाक बसलं होतं, दुरुस्तीवाला जेवायला गेला होता, आणि म्हणून ती आमच्याच बाकावर जेवायला बसली. जगातल्या मोठ्या गोष्टी अशा पंक्चरवर अवलंबून असतात.

डब्यात पाव होता. दुकानात मिळतो तो पांढरा, कापसाचा, दाबला तर मुठीत मावणारा नव्हे. गडद तपकिरी, जाडसर पिठाचा, हाताला वजन लागणारा. शेजारच्या वाटीत भिजवून शिजवलेले अख्खे गहू, मोत्यासारखे टपोरे. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. (मी बघत तिच्याकडे होतो, पण मधे पाव होता.) “घे की,” ती म्हणाली, “चेहऱ्यावरून तर सकाळपासून कुणी जेवायला घातलेलं दिसत नाही.” मी तुकडा मोडला. आत्या, काय सांगू! बाहेरून खमंग, आतून मऊ, आणि शेवटी जिभेच्या कडेला अगदी लाजरा असा आंबटपणा. मी विचारलं, यात काय आहे. ती म्हणाली, “काही नाही, ताक आहे आणि धीर आहे.”

मग तिनं मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. (आत्या, हा भाग नीट वाच. चष्मा लावून वाच.) जाडं पीठ पाण्यात न मळता ताकात कालवायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी त्यात मीठ आणि सोडा घालायचा. ताकाला सोडा भेटला की ते फसफसतं आणि पाव फुगतो. अख्खे गहू असतील तर ते कोमट पाण्यात एक पळी ताक घालून भिजवायचे, दुसऱ्या दिवशी ते पाणी टाकून द्यायचं, गहू धुऊन घ्यायचे, मग ते निम्म्या वेळात शिजतात. भांडं काचेचं, मातीचं नाहीतर चिनीमातीचं घ्यायचं. पितळेचं नको, ताक कळकतं. भांडं काठोकाठ भरायचं नाही, धान्य फुगतं. आणि झाकण घट्ट लावायचं नाही, फडकं बांधायचं. “अख्खं धान्य हट्टी असतं,” ती म्हणाली, “एकदम आचेवर टाकलं की अकडून बसतं आणि पोटात गेल्यावर भांडत राहतं. रात्रभर ताकात बसू दिलं की निवळतं.” हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या दुकानाच्या दाराची वरची बिजागरी का सुटलीय, हे तिला आईनं आधीच सांगितलेलं होतं.

आता एखाद्या शहाण्या मुलानं म्हटलं असतं, छान आहे हो, मला माहीत नव्हतं. पण तिच्यापुढे मला काही माहीत नाही हे कबूल करायला माझी जीभ वळेना. मी म्हणालो, “आमच्या घरात हे काही नवीन नाही.” ती म्हणाली, “हो? तुझी आई तर म्हणत होती तिला ताक आवडत नाही.” मी म्हणालो, “आई नाही. दुसरं आहे एक माणूस.” (कोण, ते पुढे सांगतो. तू आत्ता पाणी पिऊन घे.) तिचे डोळे असे चमकले म्हणून सांगू. म्हणाली, “मग शनिवारी वाचनालयात चहा आहे, नव्यानं बांधून आलेले कोश मांडणार आहोत, सगळे घरून काहीतरी करून आणणार आहेत. तू तुमच्या घरचा पाव आण.” मी म्हटलं, त्यात काय. आणि दुरुस्तीवाला जेवून आला.

आधी ताक पाहिजे. आईनं विरजलेलं दही होतं, रवी नव्हती. पण आमच्याकडे पुस्तकांना भोकं पाडायचं ड्रिल मशीन आहे. मी त्याला लाकडी पळीचा दांडा बसवला, पातेलं खाली धरलं आणि बटण दाबलं. ताक फार चटकन होतं गं आत्या. एका क्षणात होतं, आणि दुसऱ्या क्षणात छताला लागतं. लोणी पंख्यावर बसलं. ते तिथंच राहू दिलं असतं तर चाललं असतं, पण संध्याकाळी बाबांनी पंखा लावला. बाबांच्या कपाळावर लोण्याचा ठिपका बसला तेव्हा ते एका जुन्या ग्रंथाचा कणा शिवत होते. मान वर न करता म्हणाले, “आता छत गळतंय तेही तुपाचं.” त्या दिवशी ते बोलत होते अजून.

उरलेल्या ताकात मी अख्खे गहू भिजवले, आणि तिनं नको म्हटलेल्या सगळ्या गोष्टी एकेक करून पाहिल्या. मुद्दाम नाही. तिचा आवाज इतका गोड होता की त्यातले शब्द माझ्या लक्षातच राहिले नव्हते, प्रत्येक शब्द चूक झाल्यावर आठवायचा. पहिल्या खेपेला पुठ्ठे चिकटवायचा सरस ठेवायचं जुनं पितळेचं पातेलं घेतलं. सकाळी ताक हिरवं पडलेलं. (तेव्हा ‘कळकतं’ आठवलं.) दुसऱ्या खेपेला काचेची बरणी घेतली, गहू थोडे दिसायला लागले म्हणून आणखी घातले, काठापर्यंत, आणि माशी जाऊ नये म्हणून झाकण कचकचून आवळलं. गहू रात्रभर ताक प्यायले, फुगले, आणि जागा पुरेना तेव्हा झाकण उडवून बाहेर आले. सकाळी आई स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, “अरे, तुझं धान्य घर सोडून चाललंय!” तिचा सूर असा होता की मीही त्याच्याबरोबर जावं. (तेव्हा ‘फुगतं’ आठवलं.) मग मात्र मी शहाणा झालो. गव्हाचा नाद सोडला, चहाला पावच न्यायचा होता, आणि जाडं पीठ तिनं सांगितलं तसं ताकात कालवलं, चिनीमातीच्या भांड्यात, अर्धंच भरून, वर स्वच्छ फडकं बांधून. एकही चूक नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं निर्दोष काम दुसरं केलेलं नाही, आणि म्हणूनच पुढं जे झालं त्याला मी जबाबदार नाही.

आता तुला बाबांची पद्धत माहीत आहे. तुझेच भाऊ आहेत. बाकीचे बांधणीवाले पीठ घेतात, पाण्यात शिजवतात, झाली खळ. बाबांना ते चालत नाही. बाबा जाडं पीठ आदल्या दिवशी पाण्यात भिजवतात, त्यात किडा लागू नये म्हणून तुरटीची पूड घालतात, फडकं बांधून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिजवतात. भिजलेल्या पिठाची खळ जास्त धरते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे बघ, मी लहानपणापासून ज्या घरात वाढलो तिथं रोज संध्याकाळी पीठ भिजत पडायचं, आणि मला भिजवणं या विषयाचा शोध लागला तो सायकलवाल्या मुलीच्या डब्यात. बाबांचं भांडंही चिनीमातीचं. आईनं जोडीनं घेतलेलं, माझ्या भांड्याचा जुळा भाऊ. तेच पीठ, तेच फडकं, तीच फळी, मागल्या खोलीच्या दाराशेजारी. फरक एकच. बाबांच्या भांड्यावर ओळखीसाठी लोखंडी ठोकळा ठेवलेला असतो, पुस्तकं दाबायचा.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, “पिठाचं पोतं तळाला गेलं. मी पुस्तकं बांधतो की बांध बांधतो?” मी म्हटलं, कलेला सामान लागतं. ते म्हणाले, “कॉलेजात शिकला असतास तर तिथल्या सामानावर कला केली असतीस.” यावर कुठल्याही स्वाभिमानी माणसानं खोलीतून जायलाच पाहिजे. मी गेलो. दार माझ्यामागे लागलं. (घरचे म्हणतात, आपटलं. शेजारचा घड्याळजी म्हणतो, त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं एकदम एका वेळेवर आली. दोघंही अतिशयोक्ती करतात.) फळी हादरली, ठोकळा खाली पडला. आई आतून आली, ठोकळा उचलला आणि हाताशी आलेल्या भांड्यावर ठेवून दिला. ठोकळा भांड्यावर असतो एवढं तिला माहीत होतं. कुठल्या, हे विचारायला मी तिथं नव्हतो, कारण मी नुकताच बाणेदारपणे बाहेर पडलो होतो.

तू विचारशील, वासावरून कळलं नाही? बाबांचं नाक सरसाच्या वाफेनं कधीच गेलंय. आणि मला सर्दी होती, शिवाय प्रेम. बाबांनी सकाळी माझं ताकातलं पीठ शिजवून त्याची खळ केली आणि वाचनालयाचे सगळे कोश त्याच खळीनं बांधले. मी त्यांच्या तुरटीच्या पिठाचा पाव केला. सोडा घातला तर छान फसफसलं, म्हणजे ताकच असणार, अशी माझी खात्री पटली. (सोडा तुरटीशीही तितक्याच आनंदानं फसफसतो. हे रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मी थोडा आधी बाहेर पडलो होतो.) आणि पाव दिसायला असा देखणा झाला की काय सांगू. कडक कवच, वर भेग अशी की जणू कुणी पेन्सिलनं आखलीय. मी तो फडक्यात गुंडाळला आणि छातीशी धरून वाचनालयात नेला. बाबा पुढं कोश घेऊन गेलेच होते.

वाचनालय म्हणजे एक लांब खोली, उंच खिडक्या, मधे टेबल, टेबलावर चहाचं मोठं भांडं आणि सगळ्यांचे डबे. भिंतीशी नव्या बांधणीचे कोश ओळीनं मांडलेले, बाबा त्यांच्यापाशी हात मागे बांधून उभे, लग्नात वधूपक्ष उभा राहतो तसे. मुख्य ग्रंथपाल बाई भाषणाला उभ्या राहायच्या होत्या. या बाई फार चांगल्या, पण त्यांचं भाषण म्हणजे ज्यांनी ऐकलंय ते लोक दाराजवळची खुर्ची धरतात. तिनं माझा पाव सुरीनं कापला. सुरी बदलली. दुसऱ्या सुरीनं कापला. मग सगळ्यांना एकेक तुकडा वाटला आणि मोठ्यानं म्हणाली, “रात्रभर भिजवलाय बरं का हा, घाईचा नाही.” माझी छाती दीड हात झाली.

ग्रंथपाल बाईंनी पहिला घास घेतला. आत्या, दाढी करताना कापलं की गालाला तुरटी लावतात ना, तेव्हा कातडी कशी आक्रसते? ते तोंडाच्या आत झालं. खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडाचा चंबू झाला. पंचवीस-तीस माणसं, सगळी शिट्टी वाजवायला निघाल्यासारखी ओठ आवळून एकमेकांकडे बघतायत, आणि बोलता कुणालाच येत नाही. बाईंनी दुसरा प्रयत्न केला आणि त्यांच्या दातांची वरची ओळ पावातच राहिली. त्यांनी तो तुकडा, दातांसकट, फार सभ्यपणे रुमालात गुंडाळला आणि खूण केली की आज भाषण होणार नाही. मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. (पुढच्या वर्षीही मला बोलवावं असा तिथल्या कारकुनांचा आग्रह आहे.) कुणाला काही झालं नाही, दोन कप चहात सगळ्यांची तोंडं उलगडली. पण तोवर मी टेबलाखाली जागा आहे का ते बघत होतो.

आणि मग मांजर आलं. वाचनालयात उंदरांसाठी एक मांजर ठेवलेलं आहे. म्हातारं, जाडजूड, आजवर त्यानं कुठल्याही पुस्तकात रस घेतलेला नव्हता. ते थेट कोशांच्या ओळीकडे गेलं, तिसऱ्या खंडापाशी बसलं आणि त्याचा कणा चाटायला लागलं. मन लावून. तिसरा झाल्यावर चौथा. बाबा हुशहुश करतायत, ते ढिम्म हलेना. ती तिथं गेली, मांजराला बाजूला केलं, खंड उचलला, कण्याजवळ नाक नेलं. नखानं पुठ्ठ्याच्या कडेची खळ खरवडली आणि जिभेवर ठेवली. तिनं डोळे मिटले. म्हणाली, “हे ताकातलं आहे.” मग आणखी थोडं चाखलं. “रात्रभर भिजलंय. आंबटपणा अगदी बरोबर उतरलाय.” मग माझ्याकडे वळली. “पुस्तक फार छान झालंय रे. आणि पावात काय होतं?” मी म्हटलं, “खळ असावी.” ती कपाटांच्या मधे खाली जमिनीवर बसली आणि हसत राहिली, दोन्ही हातांनी तोंड झाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मांजर तिच्या मांडीवरच्या खंडाची उरलेली बाजू चाटत राहिलं.

त्या हसण्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. एरवी माझ्यावर कुणी हसलं की माझा हात दार शोधतो. त्या दिवशी दार माझ्यामागेच होतं, उघडं, आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

बाबांना मात्र ते हसणं लागलं. दुकानात परत आल्यावर ते टेबलाशी बसले आणि म्हणाले, “माझ्या हातून आजवर एकही पुस्तक नासलं नव्हतं.” आणि वर, “नासलं हा शब्द मला पुस्तकाबद्दल वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं.” तेव्हापासून अबोला. मला काही सांगायचं झालं तर आईला सांगतात. मी समोर असलो तरी. आई भाजी चिरत असते, ते म्हणतात, “त्याला म्हणावं कात्री जागेवर ठेव,” आई म्हणते, “कात्री जागेवर ठेव म्हणतायत,” आणि कात्री माझ्या हातात असते. सगळे कोश परत आलेत, ते उसवून नव्यानं बांधायचे आहेत, वाचनालयानं पुढचं काम द्यायचं की नाही हे त्यावर ठरणार आहे. उसवायचं काम माझ्याकडे. आणि इथं एक मजा सांगतो, तू भावाला बोलू नकोस. ताकाची खळ सुटता सुटत नाही. मी वाफ देतो, सुरी घालतो, पुठ्ठा जागचा हलत नाही. काल बाबा पाठमोरे उभे राहून एक पुठ्ठा दोन्ही हातांनी वाकवून बघत होते. बराच वेळ. मी आलो तसा त्यांनी तो खाली ठेवला आणि आईला हाक मारून म्हणाले, “त्याला म्हणावं, ताक किती घातलं होतं?”

तरीही मी तुला लेखी कळवतो की या घरात माझा अपमान झालेला आहे आणि मी कायमचा बाहेर पडायचं ठरवलं आहे. परवा पिशवीही भरली होती. नाक्यापर्यंत गेलो होतो. पण फळीवर गहू भिजत घातले होते, त्यांचं पाणी कोण बदलणार, म्हणून परत आलो. थोरांस नमस्कार, लहान कुणी आलं-गेलं असेल तर त्याला गालगुच्चा. शेजारणीला माझ्यातर्फे सांग की तुझ्या गोळ्यांबद्दल ती जे बोलते ते बरोबर आहे.

तुझाच,
भडका

ता. क. आता ते दुसरं माणूस. ‘आमच्या घरात हे काही नवीन नाही, दुसरं आहे एक माणूस’ असं मी तिला म्हणालो होतो, ते माणूस म्हणजे तू. मला दुसरं कुणी सुचलं नाही. मी तिला सांगितलं की माझी आत्या आयुष्यभर ताकात धान्य भिजवत आली आहे, पहाटे बस काढायच्या आधी गहू धुवायची, आणि मला जे येतं ते तिच्या हाताखाली शिकून येतं. मला माहीत आहे की तू एकदा चहाचं पाणी ठेवून विसरलीस आणि भांड्याला भोक पडलं. मला माहीत आहे की तुझ्या घरातली चूल म्हणजे तुझ्या मते पाहुण्यांनी छत्री ठेवायची जागा. पण कोशाची ती खळ चाखल्यापासून तिला तुला भेटायचंय. रविवारी ती तुझ्याकडे येणार आहे, तिच्या आईला घेऊन. आईला घेऊन, आत्या! तिची आई उगाच कुणाच्या घरी जात नाही म्हणे.

ता. क. दुसरा. तेव्हा वरचा जो भाग चष्मा लावून वाच म्हटलंय तो पाठ कर. पितळ नको, काठोकाठ नको, झाकण नको, पाणी टाकून दे. कुणी खोलात विचारलंच तर ‘धान्य हट्टी असतं, त्याला बसू द्यावं लागतं’ एवढं म्हण आणि खिडकीबाहेर बघ. ती असंच करते, फार परिणाम होतो. फळीवर एक-दोन भांडी फडकं बांधून ठेव. आत काही नसलं तरी चालेल. आणि कृपा करून बिस्किटांचे पुडे लपव.

ता. क. तिसरा. पत्र बंद करत होतो तेवढ्यात ती दुकानात आली. नव्यानं बांधून झालेले एक-दोन खंड न्यायला. पाकिटावरचं तुझं नाव आणि पत्ता तिनं वाचला आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “ही तुझी आत्या? शाळेची बस चालवायची ती? शेवटच्या थांब्यावर स्टिअरिंगवर पुडा ठेवून बिस्किटं चहात बुडवून खायची ती?” मी म्हटलं, असेल कुणी दुसरी. ती म्हणाली, “दुसरी कुठली? मी सगळी शाळा त्या बसनं केली. तिला ताकातला त सुद्धा माहीत नसणार.” माझ्या डोक्यात सणक गेली, मी उठलो, दाराकडे निघालो. आणि ती म्हणाली, “आम्ही पळत यायचो ना, दप्तर सांभाळत, तर ती दार उघडं ठेवून थांबायची. मागून सगळे हॉर्न वाजवायचे, तरी थांबायची. त्या बाईनं कधी कुणाच्या तोंडावर दार लावलं नाही. आणि तू तिचा भाचा?”

आत्या, मी परत येऊन बसलो.

तर वरचं काही पाठ करू नकोस. ती येणार आहेच, आईलाही आणणार आहे, ताकासाठी नाही. बिस्किटं असू देत, तिनं खास सांगितलंय. गहू मी घेऊन येईन, भिजवून, धुऊन. तू फक्त घरी राहा आणि मी लहानपणी जे जे केलं त्यातलं काही सांगू नकोस.

हे टाकायला निघालोय. ती बाहेर सायकल धरून उभी आहे, खंड मागे बांधून. बाबा आत खळ शिजवतायत आणि दुकानभर आंबूस वास सुटलाय. मी काही विचारलं नाही. फळीवर दाराशेजारी दोन्ही भांडी आहेत, फडकी बांधलेली, ठोकळा बाबांच्या भांड्यावर. माझ्या भांड्यातलं पीठ आता कुठं फुगायला लागलंय, हादरा बसला तर बसेल. म्हणून बाहेर पडतोय, आणि कडी हातात धरून, अगदी हळू, दार लावून घेतोय.